सहलीला कोठे जावे?

दरवर्षी चतुर्थी आटोपली की आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकच प्रश्न निघतो: यंदा सहल कोठे न्यावयाची? उत्तरेही ठरलेली असतात. कोणी म्हैसूर-उटी म्हणतो, कोणी मुंबई. पालकांचा कल असा की, पैसे भरलेच आहेत तर चार ठिकाणे अधिक पाहून यावीत. हा हिशेब मला हल्ली पटेनासा झाला आहे. आणि तो का पटत नाही हे सांगण्यापूर्वी स्वतःचा अपराध कबूल करणे प्राप्त आहे.

चार वर्षांपूर्वी सहलीची आखणी माझ्याकडे होती. पाच दिवसांत अकरा ठिकाणे बसवली याचा मला मोठा अभिमान वाटला होता. पहाटे चारला मुलांना उठवावे, बसमध्ये घालावे, तासाभरात राजवाडा दाखवावा आणि शिटी वाजवून पुन्हा बसमध्ये घालावे, असा क्रम चालला. परतल्यावर नववीच्या वर्गाला ‘मी पाहिलेले शहर’ हा निबंध दिला. एका हुशार मुलीने एका शहरातील राजवाडा उचलून दुसऱ्या शहरात नेऊन ठेवला होता. बहुतेकांनी बसमधील गाण्यांच्या भेंड्यांवरच पाने भरली होती. एकाने प्रामाणिकपणे लिहिले, “सर, मला झोप येत होती.” त्या वह्यांवर लाल शाई वापरण्याचा अधिकार मला उरला नव्हता.

म्हणून यंदा मी निराळा बेत मांडला आहे. मडगावहून आगगाडीने घाट चढून लोंढ्याला उतरावे, हलशी पाहावी, मग हुबळी-गदगवरून बदामी आणि शेवटी विजयपूर. पाच दिवस, तीनच गावे. हे ऐकताच एका पालकांनी विचारले, “सर, बदामीत आहे तरी काय?”

प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर बदामीपासून नव्हे, आपल्या दारापासून सुरू होते. आपली मुले रोज ज्या सरकारी बसने शाळेत येतात तिच्यावर ‘कदंब’ हे नाव लिहिलेले असते. हे कदंब कोण, असे विचारले तर वर्ग गप्प बसतो. कदंब राजांनी चांदोर व गोपकपट्टण येथून गोव्यावर राज्य केले आणि घाटावरील हलशी ही त्यांची दुसरी राजधानी होती. ज्याने तांबडी सुर्ला येथील महादेवाचे देऊळ पाहिले आहे, त्याला हलशीच्या भूवराह-नरसिंहाच्या देवळासमोर परके वाटणार नाही. पणजीला मांडवीच्या काठी आदिलशहाचा राजवाडा आहे. पोर्तुगिजांनी त्याचे रूप पालटले, तरी नाव टिकले. १५१० साली आल्फोन्स द आल्बुकेर्कने गोवा जिंकला तो त्याच घराण्याकडून. त्यांची राजधानी विजापूर, म्हणजे आजचे विजयपूर. १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवरील गोलघुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा उमटत राहते. मुले गलका करणार हे मी गृहीत धरून चाललो आहे. राहिली बदामी. तेथील तिसऱ्या लेण्यात शके ५००, म्हणजे इसवी सन ५७८ चा लेख कोरलेला आहे. लेण्याचे साल लेण्यातच वाचावयास मिळावे, हे भाग्य इतिहासाच्या विद्यार्थ्याला क्वचितच लाभते.

परंतु मला याहूनही अधिक मोल वाटते ते मधल्या वाटेचे. म्हणून घाट दिवसाउजेडी चढणारी गाडी धरावी, असा माझा आग्रह आहे. दूधसागर डोळ्यांसमोर यावा. कॅसल रॉक आले की मुलांना सांगावे की गोवा १९६१ साली मुक्त होईपर्यंत येथे सरहद्द होती आणि आपल्या आजोबांच्या पिढीला बोचकी सोडून दाखवावी लागत. पुढे खिडकीतून घरांची छपरे पाहत जावे. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, म्हणून उतरती कौले. घाट मागे पडतो, पाऊस ओसरत जातो आणि विजयपूरकडे तो ६०० मिलिमीटरांच्या आसपास येतो; तेथे घरांना सपाट धाबी दिसू लागतात. जांभा संपून काळी माती लागते, भाताचे मळे जाऊन जोंधळा येतो. भूगोलाचा हा धडा मी दहा वर्षे खडूने शिकवतो आहे.

आणि भाषा! माझ्या घरी पाण्याला ‘उदक’ म्हणतात, शाळेत मी ‘पाणी’ शिकवतो, हुबळीला ते ‘नीरु’ होते. मी एकटा बदामीला गेलो होतो तेव्हा भाकरी वाढणाऱ्या आजीबाईंनी मला विचारले, “ऊट आयता?” शब्द कळला नाही, पण सूर माझ्या आईचाच होता: जेवण जालें? असा प्रश्न विचारणारे माणूस अकरा ठिकाणांच्या सहलीत भेटत नाही, कारण तेवढा वेळ आपण कोठे बसतच नाही.

एक गोष्ट सभेत बोललो नाही, ती येथे लिहितो. दरवर्षी सहलीच्या वेळी पाच-सहा मुले “सर, मला बरे नाही” असे सांगून मागे राहतात. त्यांना काय होते हे आम्हां शिक्षकांना ठाऊक असते. आराम बसचे भाडे आणि रोजचे हॉटेल त्यांच्या घरास झेपत नाही. आगगाडीचा साधा डबा, धर्मशाळेतील मुक्काम आणि भाकरी-पिठल्याचे जेवण एवढ्यावर भागवले, तर वर्गणी बरीच खाली येते. अकरा ठिकाणे पाहणाऱ्या तीस मुलांपेक्षा तीन ठिकाणे पाहणारा सबंध वर्ग मला अधिक मोलाचा वाटतो. ज्या पालकांना मुंबई-म्हैसूर दाखवावयाचे आहे त्यांनी ते मे महिन्यात खुशाल दाखवावे; शाळेच्या सहलीवर तो भार नको.

बेत अजून मंजूर झालेला नाही. पण बातमी वर्गात पोहोचली आहे. गेल्या वर्षी ज्याला ‘बरे नव्हते’ अशा एका मुलाने काल मला व्हरांड्यात गाठले आणि विचारले, “सर, खिडकीजवळची जागा चिठ्ठ्या टाकून देणार काय?”