हात वर करा, म्हणजे झालं?

ग्रामसभा मोबाईलवर घेऊन टाका, असं म्हणणारे लोक आता आमच्या डहाणूतही भेटायला लागले आहेत. बहुतेक शिकलेली, भली माणसं असतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. सभेला कोणी येत नाही, आलेला बोलत नाही, बोललेलं वहीत उतरत नाही. मग कशाला तो उपद्व्याप? प्रश्न मोबाईलवर पाठवा, हो-नाहीचं बटण दाबा, संध्याकाळी निकाल लावा. माझ्या पुतण्याचा मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो, तो तर याच्याही पुढे आहे. त्याच्या मते इंटरनेटवर अशा वसाहती आहेत की ज्यांना सरपंच नाही, ग्रामसेवक नाही, तहसीलदार नाही. जगभरातले लोक मतं देतात आणि कोट्यवधींचा कारभार चालतो. "आजोबा, तुमची ग्रामसभा म्हणजे हेच. तुमची वही, आमचं यंत्र, एवढाच फरक."

एवढाच फरक नाही. मी चाळीसेक वर्षं मराठी शिकवलं, यंत्रातलं मला फारसं कळत नाही. पण त्यानेच मला समजावून सांगितलेली एक गोष्ट त्याच्याच विरुद्ध जाते, ती आधी सांगतो.

इथेरियम नावाचं एक आभासी चलन आहे. त्याच्यावर २०१६ साली 'द डीएओ' नावाची एक सामायिक तिजोरी उभी राहिली. मालक कोणी नाही, संचालक मंडळ नाही. ज्याच्याकडे जितकी नाणी, तितकी त्याची मतं, आणि पैसा कुठे गुंतवायचा ते मतदानाने ठरवायचं. काही आठवड्यांत सुमारे पंधरा कोटी डॉलर जमले. नियम सगळे संगणकाच्या आज्ञावलीत लिहिलेले. जे लिहिलंय तोच कायदा, अशी त्यांची प्रतिज्ञा होती. जूनमध्ये कोणीतरी त्या आज्ञावलीतली एक फट शोधली आणि सुमारे छत्तीस लाख इथर बाजूला काढले. आता आली का पंचाईत! लिहिलंय तोच कायदा म्हणावं, तर ही चोरी ठरत नाही. चोरी म्हणावी, तर कायदा मोडतो. मग चर्चा झाल्या, नाण्यांच्या वजनावर मतं मोजली (फार थोड्या नाणेवाल्यांनी ती दिली), आणि जुलै २०१६ मध्ये इतिहासच मागे फिरवून पैसे परत करायचं ठरलं. ज्यांना हे पटलं नाही, त्यांनी काय केलं? ते जुन्याच वहीवर राहिले. एका वहीच्या दोन वह्या झाल्या. मूळ वहीवाले आज 'इथेरियम क्लासिक' म्हणून वेगळी चूल मांडून आहेत.

मुलगा हे सांगताना खुशीत होता. त्याच्या दृष्टीने हीच त्या व्यवस्थेची खुबी. पटलं नाही तर नक्कल घ्या आणि वेगळे व्हा, कुणाचं काही अडत नाही.

आणि नेमकं इथेच आमचं अडतं. गावाची नक्कल निघत नाही. डोंगराची, विहिरीची, खाडीची नक्कल निघत नाही. ग्रामसभेत जो हरला तो दुसऱ्या दिवशी त्याच गावात उठतो, त्याच पाणवठ्यावर जातो, आणि ज्या ठरावाला त्याने नाही म्हटलं त्या ठरावाखाली आयुष्य काढतो. जिथे हरणाऱ्याला निघून जाता येतं तिथे नुसती मोजणी चालते. जिथे जाता येत नाही तिथे मोजणीच्या आधी बरंच काही करावं लागतं. ते 'बरंच काही' म्हणजेच ग्रामसभा. ते गाळून उरलेलं बटण म्हणजे ग्रामसभा नव्हे.

ज्यांना आमचा भाग ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तलासरीत तर दहातली नऊ माणसं आदिवासी. देशात पंचायत राज आणणारी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली, पण ती अनुसूचित क्षेत्राला आपोआप लागू नव्हती. त्यासाठी भुरिया समिती बसली आणि २४ डिसेंबर १९९६ रोजी वेगळा कायदा झाला. आपण त्याला 'पेसा' म्हणतो. या कायद्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हक्कांच्या यादीत नाही, ती गावाच्या व्याख्येत आहे. गाव म्हणजे महसुली नकाशावरचा तुकडा नव्हे. एखादी वस्ती, वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जिथले लोक आपल्या रीतीभातीप्रमाणे आपला कारभार पाहतात, ते गाव. म्हणजे पाडा हेसुद्धा गाव असू शकतं! ही व्याख्या लिहिणाऱ्यांना दंडवत घालावासा वाटतो.

प्रत्यक्षात काय होतं? आमच्याकडच्या ग्रामपंचायतीत आठ-दहा पाडे सहज असतात, एकमेकांपासून मैल-दोन मैलांवर. पंचायतीची इमारत रस्त्याला लागून, मोठ्या वस्तीत. सभा तिथे. समजा, ग्रामपंचायतीत दोन हजार मतदार आहेत आणि वरच्या अंगाच्या पाड्यावर दीडशे. प्रश्न आहे त्या पाड्यामागच्या टेकडीवर दगडखाण होऊ द्यायची का. धूळ त्यांच्या भातावर, सुरुंगाचे हादरे त्यांच्या कुडाला, ट्रक मात्र सगळ्यांना भाडं देणार. मतदान घ्या. हवं तर मोबाईलवर घ्या, एकही मत खोटं पडू देऊ नका. निकाल काय लागेल ते चौथीतला मुलगाही सांगेल. दीडशे माणसं शंभर टक्के एकमताने नाही म्हणाली, तरी साडेसात टक्के. यात लबाडी कुठेच नाही, आणि अन्याय मात्र पुरेपूर आहे.

म्हणून माझा राग मोबाईलवर नाही. मोजणीलाच लोकशाही समजण्यावर आहे. तो रोग वहीलाही जडलेला आहे. सभेची गणपूर्ती पाहा. मतदारांची ठरावीक टक्केवारी किंवा शंभर माणसं, यांपैकी जे कमी असेल ते. म्हणजे दोन हजारांच्या गावाला शंभर सह्या पुरल्या. त्या शंभरात ज्यांच्या दारात खाण येणार त्यांचा एकही माणूस नसला, तरी सभा कायदेशीर. मी स्वतः असा ठराव पाहिला आहे की ज्याच्या सूचकाला आपण काय सुचवलं तेच ठाऊक नव्हतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण ते एकाच गावाचं दुखणं नाही. सह्या आधी, अंगठे आधी, मजकूर नंतर. कोरी जागा सोडून ठेवलेल्या वहीला प्रोसीडिंग म्हणतात, हे मला निवृत्तीनंतर कळलं.

याच्यापेक्षा शहाणा नियम आपल्याच देशात लिहिलेला आहे. वनहक्क कायदा २००६ चा. त्याचे नियम २०१२ मध्ये सुधारले. तिथे ग्रामसभेची गणपूर्ती शंभरावर भागत नाही, निम्मे सदस्य हजर लागतात, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. याच्यापुढचं कलम मला सगळ्यात आवडतं. वनहक्काच्या दाव्यावर ठराव करायचा असेल, तर दावेदारांपैकी किंवा त्यांच्या प्रतिनिधींपैकी निम्मे तरी सभेत असलेच पाहिजेत. मतमोजणी साध्या बहुमतानेच होते, पण ज्याचं पोट त्या ठरावात अडकलंय तो खोलीत असल्याशिवाय ती सुरूच होत नाही. हे एवढंसं तत्त्व खाणीला का लागू नये? धरणाला, रस्त्याला, गोदामाला का नाही?

जमीन घेण्याच्या बाबतीत पेसा म्हणतो, ग्रामसभेशी 'किंवा' योग्य स्तरावरच्या पंचायतीशी विचारविनिमय करावा. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने विचारविनिमयाच्या जागी पूर्वसंमती आणली, हे मोठंच पाऊल. पण 'किंवा' तसाच राहिला. व्याकरणात आम्ही त्याला विकल्पबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून शिकवतो. अव्यय म्हणजे ज्यात बदल होत नाही ते. या 'किंवा'च्या दारातून किती गावं गुपचूप बाहेर काढता येतात, हे त्या अव्ययाचा व्यय झाल्यावरच कळतं! अख्ख्या गावाला विचारायच्या ऐवजी वरच्या पंचायतीतल्या मूठभर सदस्यांना विचारलं, तरी विचारलंच की.

वाढवणचंच घ्या. डहाणूच्या किनाऱ्यावर बंदर होऊ नये, असा निर्णय १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने दिला, अध्यक्ष होते न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. हे प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे नेमलं गेलं, तेही डिसेंबर १९९६ मध्येच, पेसाच्या पाच दिवस आधी. आम्ही सगळे निर्धास्त झालो. न्यायमूर्ती जानेवारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६ हजार २२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणीही झाली. बंदर चांगलं की वाईट हा वाद इथे घालत नाही, त्यावर मतं सगळ्यांना माहीत आहेत. माझं म्हणणं एवढंच, की १९९८ चं 'नाही' आमचं नव्हतं आणि २०२३ चं 'हो'सुद्धा आमचं नव्हतं. जानेवारी २०२४ मध्ये पालघरला जनसुनावणी झाली, पण सुनावणी म्हणजे ऐकून घेणं. ऐकून घेणाऱ्यावर त्यानंतर काही बंधन नसतं. बंदर उभं राहायचं ते मुख्यतः समुद्रात भराव घालून, आणि समुद्र कुठल्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत येत नाही. मग ज्याचं शेत समुद्र आहे त्याने कुठल्या सभेत हात वर करायचा? त्याच्या गावाला मोबाईल देऊन हा प्रश्न सुटत नाही. मासेमारीचं पाणी ज्यांच्या वहिवाटीचं, त्यांची सभा ही सभा मानावी लागेल.

आता समोरच्या बाजूचा खरा मुद्दा, कारण तो आहे. ग्रामसभेच्या ठरलेल्या चार तारखा म्हणजे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. भाताची कापणी आटोपली की आमच्या पाड्यांवरची घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर जातात, वसई-भिवंडीकडे, गुजरातकडे. पोरांसकट जातात. (वर्गात दिवाळीनंतर निम्मे बाक रिकामे असायचे, मास्तरांना हे वेगळं सांगावं लागत नाही.) ती पाऊस तोंडावर आल्यावर परततात. म्हणजे चारांपैकी दोन सभा त्यांच्या गैरहजेरीतच होणार. मुलगा म्हणतो, निदान त्यांना तरी मोबाईलवर मत देऊ द्या. बरोबर आहे. भट्टीवरच्या माणसाला सभा ऐकता यावी, तिथून बोलता यावं, यासाठी फोन लावा, जरूर लावा. पण त्याला दुपारी एक निरोप पाठवून 'खाण: हो किंवा नाही' विचारणं म्हणजे मुकादमाच्या समोर मत मागणं आहे. ज्याच्या उचलीवर तो तिथे बसलाय, तो शेजारीच उभा आहे.

तेव्हा हवं तर महत्त्वाचे ठराव जून ते ऑक्टोबरमध्येच घ्या, लोक घरी असतात तेव्हा. याला कुठलंही यंत्र लागत नाही.

दुसरा आक्षेप असा, की मोजणी नको तर सर्वसहमती पाहिजे, आणि सर्वसहमती म्हणजे दांडग्याचं राज्य. एक अडून बसला की गाव ठप्प. किंवा उलट, चार मोठे बोलतात, बाकीचे माना डोलावतात आणि त्याला एकमत म्हणतात. हे होतं, मी नाकारत नाही. पण गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) पाहा. देवाजी तोफांचं गाव. तिथे वर्षानुवर्षं निर्णय सर्वसहमतीने होतात, आणि गाव ठप्प झालेलं नाही; उलट २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांनी मिळवला. कारण निर्णयाच्या सभेआधी त्यांच्याकडे अभ्यासगट बसतो. विषय आधी समजून घेतात, पटेपर्यंत पुन्हा पुन्हा बसतात. वेळ जातो. वेळ घालवणं हीच तर त्यातली खरी मेहनत आहे, आणि नेमकी तीच आम्हाला बटणाने वाचवायची आहे!

लांब कशाला जायचं. तलासरीजवळच्या झरी गावात २३ मे १९४५ ला हजारो वारली जमले. परुळेकर दांपत्य तिथे होतं. वेठ करायची नाही, हे तिथे ठरलं. प्रत्येकाला ठाऊक होतं की उद्या जमीनदाराचा माणूस दारात आल्यावर 'नाही' आपल्यालाच म्हणायचंय. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली, तरी ठरलेलं टिकलं. किंमत ज्यांनी मोजायची त्यांनीच ठरवलं होतं, म्हणून टिकलं.

महाराष्ट्राचे पेसा नियम मार्च २०१४ चे. पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून आपला पाडा स्वतंत्र गाव म्हणून जाहीर करण्याची मागणी प्रांताधिकाऱ्यांकडे करायची, अशी वाट त्यात आहे. पेसाचा पाच टक्के अबंध निधी येतो, त्यातला पाड्याचा वाटाही मग पाड्यालाच ठरवता येतो. नाहीतर तो रस्त्याकडेच्या वस्तीच्या पेव्हर ब्लॉकमध्ये जिरतो. एवढी सोय असताना आपल्या भागात किती पाड्यांना कुणी हे जाऊन सांगितलं? ज्यांना ग्रामसभा सुधारायची आहे, त्यांनी ॲप बनवण्याआधी एका संध्याकाळी एखाद्या पाड्यावर बसावं आणि तो अर्ज लिहायला मदत करावी. अक्षर वाईट असलं तरी चालतं.

आणि येत्या सभेला गेलात तर एक करा. उठण्याआधी ग्रामसेवकांना सांगा, आज जे ठरलं ते आत्ता, इथेच, मोठ्याने वाचून दाखवा, सह्या त्यानंतर. ते म्हणतील वेळ झाला. बसून राहा.