पाठ कोणासाठी घ्यायचा?

२०२५ मध्ये महाराष्ट्र शाळेवरून जेवढा भांडला, तेवढा क्वचितच भांडला असेल. १६ एप्रिलला शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात दुरुस्ती झाली आणि २९ जूनला दोन्ही मागे घेत असल्याची घोषणा झाली. पहिलीपासून हिंदी हवी की नको, यावर घराघरांत वाद झाले आणि ते होणं गरजेचंच होतं. मात्र नवा अभ्यासक्रम आराखडा उद्या ज्याला वर्गात उभं राहून राबवायचा आहे, त्या छात्राध्यापकाला या गदारोळात कोणी काही विचारलं नाही. ही सल वर्षभर गेली नाही.

वर्षात आणखी बरंच घडलं. मे महिन्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. जुलैमध्ये शिवकाळाशी नातं सांगणारे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. सप्टेंबरच्या पुरानं मराठवाड्यातली उभी पिकं तर नेलीच, कित्येकांच्या शेतातली मातीही नेली. त्यांवरचे लेख अंकात आहेत. ही पानं मात्र शाळेसाठी राखली आहेत.

कागदावर देशानं चांगलं काम केलं आहे, हे आधी मोकळेपणानं मान्य करायला हवं. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं घोकंपट्टीवर बोट ठेवलं आणि मूल स्वतः ज्ञान रचतं, असं ठामपणे मांडलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये पायाभूत स्तराचा आराखडा आला. तीन ते आठ वयाच्या मुलांनी खेळातून, हाताळण्यातून, घरच्या भाषेतून शिकावं, आणि परीक्षेऐवजी शिक्षकाच्या रोजच्या निरीक्षणातून त्यांची प्रगती कळावी, असं तो सांगतो. २०२३ मध्ये शालेय शिक्षणाचा सुमारे ६०० पानांचा आराखडाही आला.

हे सगळं वर्गात उतरतं कसं?

जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेतला दुसरीचा वर्ग. आंतरवासितेसाठी आलेली छात्राध्यापिका संख्यावाचनाचा पाठ घेत होती. मागे निरीक्षण वही घेऊन अध्यापक बसलेले. टाचण नीट लिहिलेलं होतं: उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती, प्रस्तावनेचे प्रश्न, हेतुकथन, मूल्यमापन, समासात मिनिटं. तिनं ‘पंचवीस’ म्हटलं आणि एका मुलानं पाटीवर ५२ लिहिले. मूल चुकलं असं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण त्याला आधी पाच ऐकू आला आणि त्यानं आधी पाचच लिहिला. तिनं टाचण बाजूला ठेवलं. खराट्याच्या काड्या मोजून दहा-दहाच्या जुड्या बांधायला दिल्या. दोन जुड्या, पाच सुट्या काड्या. मग तीन जुड्या, पाच काड्या. मुलं जमिनीवर बसून मोजू लागली आणि बघता बघता तासिका संपली. निरीक्षण वहीत शेरा पडला: ‘पाठ टाचणाप्रमाणे पूर्ण झाला नाही. वेळेचे नियोजन सुधारावे.’ गुण कापले गेले.

त्या पोरीनं आराखड्यातलं पानन् पान जगून दाखवलं होतं. याच अडचणीवर २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस पाच’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर थट्टा झाली. गणित विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की, लहान मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात तासभर बसून पाहिलं असेल? या छात्राध्यापिकेनं ते पाहिलं होतं, आणि त्यावर उपायही शोधला होता.

एका अध्यापकाला दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या हाती दिलेल्या तक्त्यातच प्रस्तावनेला गुण आहेत, फलकलेखनाला आहेत, शैक्षणिक साधनाला आहेत, पण मुलाला काय उमगलं याला रकाना नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं २०१४ मध्ये बी.एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला, आंतरवासिता वीस आठवड्यांची केली. हेतू उत्तम होता. पण शाळेत शिक्षक कमी, म्हणून आलेल्या छात्राध्यापकाला आज चौथी, उद्या सहावी, परवा पोषण आहाराची नोंदवही असं फिरवलं जातं. मुलांची नावं पाठ होईपर्यंत मुदत संपते. पुढे नोकरी लागलीच तर शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं. २०२३ पासून प्राथमिकला त्याचं मानधन १६,००० रुपये आहे, त्याआधी ते ६,००० होतं. एवढ्यात राष्ट्राचं धोरण खांद्यावर घ्यायचं!

याच मातीत वेगळं घडलेलं आहे. १९४५ मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई वाघ तिथं गेल्या. माँटेसोरीची महागडी साधनं गावात परवडणारी नव्हती. म्हणून शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधनं झाली, आणि मुलं येत नाहीत म्हटल्यावर शाळाच वस्तीच्या अंगणात गेली. परदेशातलं तत्त्व मुलांकडे पाहून बदलण्याची मोकळीक अनुताईंना होती, आणि शेजारी ताराबाई होत्या.

‘उमेदवारी’ हा यंदाच्या अंकाचा विषय. तालमीतल्या पठ्ठ्यापासून छापखान्यातल्या पोऱ्यापर्यंत अनेकांच्या शिकण्याच्या दिवसांवर लेखकांनी लिहिलं आहे. त्या सगळ्यांना उस्ताद होता. छात्राध्यापकाला तो मिळत नाही, कारण मार्गदर्शक शिक्षकाच्या वेळापत्रकात या कामासाठी एकही तासिका नाही.

म्हणून मागणी साधी आहे. एका छात्राध्यापकाला सलग एकच वर्ग द्यावा. मार्गदर्शक शिक्षकाच्या आठवड्यातल्या काही तासिका कमी कराव्यात. आणि पाठाचे निम्मे गुण तरी मुलांच्या पाट्या-वह्या पाहून द्यावेत. पहिलीची नवी पुस्तकं २०२५ मध्ये आली, पुढच्या इयत्तांची येतील. निरीक्षणाचा तक्ता बदलायला पुस्तकं छापण्याइतका खर्च येत नाही; राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, अध्यापक विद्यालयं आणि विद्यापीठं मनावर घेतील तर येत्या जूनच्या आत हे होऊ शकतं.