चांदी गेली, दाढ राहू द्या

बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या दफनभूमीत सापडलेल्या काही दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोके आहेत. त्या साडेसात ते नऊ हजार वर्षांपूर्वीच्या. पुढे वाग्भटाने पोकळ दातात गूळ किंवा मेण भरून तो डागायला सांगितले. किडका दात वाचवता येतो हे आपल्याकडे फार जुने. तरी दाढ ठणकली की कोकणात आधी भुईरिंगणीच्या बियांची धुरी, मग लवंग, आणि शेवटी दवाखान्यात एकच मागणी: डॉक्टर, काढूनच टाका. त्यामागे अडाणीपणापेक्षा हिशेब जास्त. काढणे एका फेरीत उरकते. भरायला पैसा लागतो, आणि खाडा पडतो तो वेगळाच.

एकोणिसाव्या शतकात हा हिशेब दातात भरायच्या चांदीने बदलला. चांदी म्हणायची, पण त्या मिश्रणात निम्मा पारा. सोने परवडत नसलेल्यांची दाढ त्यामुळे वाचली. जुने दंतवैद्य खलात ते घोटत, फडक्यात बांधून पिळत. जादा पारा मण्यांसारखा टपटप खाली पडे. दाढेत ठासलेला गोळा काही तासांत दगड होई. त्या मण्यांचे पुढे काय झाले, हे फारसे कुणी विचारले नाही.

विचारायला लावले जपानमधल्या मिनामाताने. तिथे कारखान्याचा पारा उपसागरात गेला, मासळीत उतरला आणि 1956 पासून कोळ्यांच्या घरांत हातपाय वाकडे झालेली माणसे दिसू लागली. त्या गावाच्या नावाचा पाऱ्यावरचा जागतिक करार 2013 मध्ये झाला, भारताने 2018 मध्ये तो मान्य केला. दातातली चांदी 2034 पर्यंत बंद करायची, असे 2025 मध्ये जिनिव्हात ठरले.

निर्णय योग्यच आहे. पण त्याची किंमत न्हावा-शेव्यासारख्या खाडीकाठाने मोजायची का? 1989 मध्ये इथे बंदर सुरू झाले. त्यासाठी शेव्याचा कोळीवाडा उठला आणि पुनर्वसनाच्या जागेत घरांना वाळवी लागली. मोठ्या कामाचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. नेरूळ-खारघरच्या दंत महाविद्यालयांत दाताच्या रंगाचे रेझिन भरतात खरे. पण त्याला दात अगदी कोरडा लागतो, निळा दिवा लागतो, थरावर थर देण्याची सवड लागते. म्हणून ते महाग. चांदी बंद आणि रेझिन परवडत नाही, मग उरते पक्कड.

वाट तिसरीही आहे. 1970 च्या सुमारास लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेतून निघालेले ग्लास आयोनोमर सिमेंट दाताला आपणहून चिकटते. 1980 च्या दशकात टांझानियात वीज आणि ड्रिलशिवाय, नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत रुजली, आणि पुढे तिच्यात हेच सिमेंट वापरले जाऊ लागले. मोठ्या, दोन-तीन बाजूंनी पोखरलेल्या दाढेत ते चांदीइतके टिकत नाही, हे मान्यच. पण शाळकरी पोराच्या पहिल्या बारीक खड्ड्याला पुरते, आणि खरी लढाई तिथेच जिंकायची असते. प्राथमिक आरोग्य केंद्रांना हे सिमेंट आणि ते भरणारा प्रशिक्षित हात आत्ताच द्यायला हवा, 2033 मध्ये नव्हे. शिवाय जुनी चांदी काढताना निघणारा चुरा घट्ट झाकणाच्या बरणीत साठवून परत घेण्याची सोय दवाखान्यांना हवी. बेसिनमधून गेलेला पारा शेवटी खाडीतच उतरतो, आणि या खाडीची निवटी-कोळंबी अजून लोकांच्या ताटात आहे.