सहलीच्या वहीत नसलेलं
कार्ल्याची सहल म्हणजे चैत्यगृहाची माहिती वहीत उतरवायची, लोणावळ्यात चिक्की घ्यायची, संपलं. लेण्याच्या दाराशीच एकवीरेचं देऊळ. चैत्रात मुंबईचे कोळी पालख्या घेऊन गड चढतात. दर्यावरच्या माणसांची आई डोंगरात कशी, हे पोरांना कुणी विचारत नाही. असे प्रश्न विचारणारे अभ्यासक दामोदर कोसंबी खरं तर गणिताचे. पण शेंदूर फासलेल्या दगडापाशी थांबून गावकऱ्यांशी बोलत. त्यांचं १९६२चं ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ हे पुस्तक अशाच पायपिटीतून आलं. (त्याला अभ्यासक्रम लागला नाही!)

या अंकासाठी मुलांना एवढंच सांगितलं: आजीला विचारा, आपला देव कुठून आला. पवना धरणाकाठच्या एका मुलीनं लिहिलं, ‘गाव पान्यात गेलं, देवी पाटीत घालून आनली.’ शुद्धलेखन आम्ही सुधारलेलं नाही.