विभक्त होण्याचा जमाखर्च

ब्रिटनच्या मतदारांनीं २३ जून २०१६ रोजीं शेंकडा ५१.९ मतांनीं युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला, आणि ३१ जानेवारी २०२० रोजीं तें राष्ट्र सत्तेचाळीस वर्षांच्या एकत्र कुटुंबांतून बाहेर पडलें. हा निव्वळ माथेफिरूपणा होता असें म्हणणारे पंडित आमच्याकडेही पुष्कळ आहेत. आम्हांस तसें वाटत नाहीं. विभक्त होण्याच्या बाजूस अर्थशास्त्राचा एक खरा मुद्दा होता. दुःख इतकेंच कीं, प्रचारकांनीं तो त्याच्या खऱ्या किंमतीसह लोकांपुढें मांडला नाहीं.

तो मुद्दा असा. संघांतील सर्व राष्ट्रांची बाहेरच्या मालावरील जकात एकच असते. ती एकट्यानें कमी करण्याचा अधिकार कोणासही नसतो. स्पेनच्या बागाइतदारास संरक्षण म्हणून बाहेरच्या संत्र्यांवर जकात बसे, आणि जेथें संत्र्याचें झाड लावून पीक येत नाहीं त्या इंग्लंडांतील गिऱ्हाइकाच्या खिशासही तिची झळ लागे. युरोपांतील बीटाच्या साखरेस जपण्यासाठीं उसाच्या साखरेवर जकात. आणि लंडनला टेम्सच्या कांठीं तर उसाचीच कच्ची साखर शुद्ध करणारा जुना कारखाना! त्याचे मालक संघ सोडण्याच्या बाजूचे झाले यांत नवल तें काय? शिवाय वसूल झालेल्या जकातीच्या शंभर पौंडांपैकीं ऐंशी ब्रसेल्सच्या खजिन्यांत जात. ज्या देशानें १८४६ सालीं धान्यावरील जकातीचे कायदे रद्द करून स्वस्त भाकरीचा मार्ग धरला, त्यास हें जोखड जाचावें हें स्वाभाविकच होय. पुढें १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटननें वर्षास २,६०,००० टन कच्ची उसाची साखर बिनजकात येऊं दिली. हा लाभ खरा आहे.

परंतु मतदारांस हें कोणी समजावून सांगितलें? त्यांस दाखविली ती लाल मोटार, आणि तिच्यावर लिहिलेली आठवड्यास ३५ कोटी पौंडांची रक्कम. थॅचरबाईंनीं १९८४ सालीं मिळविलेली सूट वजा जातां प्रत्यक्ष जाणारी रक्कम सुमारें २५ कोटींचीच होती, आणि तीतूनही कांहीं भाग शेतकऱ्यांस व संशोधनास परत मिळे. तेथील सरकारी आंकडेमंडळानें ती रक्कम दिशाभूल करणारी ठरविली, तरी ती मोटारीवरून पुसली गेली नाहीं. आमच्या पेठेंतील एखाद्या अडत्यानें सूट न दाखवितां असा हिशेब केला असता, तर दुसऱ्या दिवशीं त्याच्या दुकानाची पायरी कोणी चढलें नसतें.

खर्चाची बाजू तर झांकूनच ठेवली गेली. ब्रिटनच्या निर्गतीपैकीं दोनपंचमांशाहून अधिक माल व सेवा संघांतच खपत. आज त्या मालावर बहुधा जकात नाहीं. पण उगमाचे दाखले, पशुवैद्याचीं प्रमाणपत्रें आणि बंदरावरची तपासणी आली. मोठी पेढी त्यासाठीं कारकून ठेवते. लहान दुकानदार परदेशचें गिऱ्हाईक सोडून देतो.

२४ जुलै २०२५ रोजीं भारताशीं झालेला व्यापारी करार हें स्वतंत्र झालेल्या ब्रिटनचें मोठें फळ. त्यांत आमच्या कपड्यांवरील शेंकडा १२ पर्यंतची जकात उठवावयाची ठरली, म्हणून इचलकरंजीच्या मागवाल्यांनीं त्याचें स्वागत करावें हें योग्यच. त्यांच्या व्हिस्कीवरील आमची जकात शेंकडा १५० वरून ७५ वर, आणि दहा वर्षांत ४० वर यावयाची आहे. (या सवलतीबद्दल आमचे मद्यपाननिषेधक मित्र काय म्हणतील तें आम्ही जाणतों!) परंतु ब्रिटिश सरकारच्याच अंदाजानें या करारामुळें तेथील राष्ट्रीय उत्पन्नांत कालांतरानें शेंकडा ०.१३ ची भर पडेल. आणि अर्थसंकल्पावर नजर ठेवणाऱ्या तेथील स्वतंत्र कचेरीच्या अंदाजानें, संघ सोडल्यामुळें देशाची उत्पादकता, संघांत राहिल्यास जी झाली असती तिच्याहून शेंकडा ४ नें कमी राहील. व्यापाऱ्यांनीं हे दोन आंकडे शेजारीं मांडून पाहावे.

स्वतःच्या जकातीचा अधिकार इतक्या किंमतीस घेण्याजोगा आहे, असें एखादें राष्ट्र म्हणूं शकतें, आणि त्यास आम्ही हंसणार नाहीं. चूल वेगळी मांडणारा भाऊ "मीठभाकर खाईन, पण माझी खाईन" म्हणतो तेव्हां त्याचा मान राखावा. पण त्यानें बायकापोरांस पुरणपोळीचें आमिष दाखवून घर सोडावयास लावलें असेल, तर पहिल्याच पाडव्यास त्याच्या दारीं तंटा होणार. तसा तो झालाही. १९ मे २०२५ रोजीं ब्रिटननें अन्नमालाच्या तपासणीपुरते संघाचे नियम पाळण्याच्या दिशेनें बोलणीं करण्याचें मान्य केलें. मात्र त्या नियमांवर आतां त्याला मत नाहीं. त्याच बैठकींत संघाच्या मासेमारी नौकांस ब्रिटनच्या पाण्यांत २०३८ पर्यंत मोकळीक देण्यांत आली.