प्रेरणादायी पुस्तकांचा छळ

"काकू, नववीतल्या मुलासाठी एखादं चांगलं पुस्तक सांगा ना."

एप्रिलच्या शेवटी परीक्षा आटोपल्या की हा फोन येतो. दोन लोखंडी कपाटं आणि एक सतरंजी एवढ्या भांडवलावर डोंबिवलीत आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मी अकरा वर्षं मुलांचं वाचनालय चालवते आहे, त्यामुळे यादी फुकट आणि घरपोच मिळते असा आसपास समज आहे. मी विचारते, त्याला काय आवडतं? पलीकडे शांतता. मग उत्तर येतं, "तसं काही नाही हो. पण जरा प्रेरणादायी असू दे."

प्रेरणादायी! हा शब्द कानावर पडला की माझं पित्त खवळतं. त्याचा अर्थ ठरून गेलेला आहे: 'श्यामची आई', 'एक होता कार्व्हर', 'अग्निपंख'. पोरगं फारच हुशार असेल तर 'मृत्युंजय'. पुस्तकं वाईट आहेत असं कोण म्हणतंय? वीणा गवाणकरांचं 'कार्व्हर' 1981 साली आलं तेव्हा मी दहावीत होते आणि एका बैठकीत वाचून काढलं होतं. कुणी वाच म्हणून मागे लागलं नव्हतं, म्हणूनच बहुधा. माझा राग आहे तो पुस्तक म्हणजे च्यवनप्राश, रोज सकाळी चमचाभर चाटवायचा, अशी समजूत असलेल्या मोठ्या माणसांवर. चौदाव्या वर्षी आवाज फुटलेला असतो, तोंडभर पुटकुळ्या असतात, पहिलीपासूनचा मित्र एका दिवसात दुसऱ्या बाकावर जाऊन बसलेला असतो, वर्गातल्या एका मुलीकडे बघायचंही असतं आणि बघितलं हे कुणाला कळूही द्यायचं नसतं. या सगळ्या गदारोळात आपण त्याच्या हातात कार्व्हरचं भुईमुगावरचं संशोधन ठेवतो आणि वर म्हणतो, हल्लीची मुलं वाचत नाहीत.

इंग्रजीत या वयाची कपाटं वेगळी आहेत. साधारण आठ ते बाराचं मिडल ग्रेड, त्यापुढचं यंग अडल्ट. एस. ई. हिंटन या मुलीची 'द आउटसायडर्स' ही कादंबरी 1967 साली छापून आली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात शाळेत असतानाच ती लिहायला बसली, कारण आपल्या वयाच्या पोरांचं खरंखुरं जगणं सांगणारं पुस्तक तिला सापडेना. ज्या वर्षी ती हे लिहीत होती त्याच वर्षी सर्जनशील लेखनात तिला 'डी' मिळाली होती. हे मी शाळांमध्ये मुद्दाम सांगते. मुलं हसतात, शिक्षक हसत नाहीत.

त्याच 1967 साली आपल्याकडे 'मृत्युंजय' आलं. शिवाजी सावंतांनी ते काही आठवीतल्या मुलांसाठी लिहिलं नव्हतं. पण 'बोक्या सातबंडे' संपला की पोराला थेट कुरुक्षेत्रावर नेऊन सोडायचं, ही आपली रीत पडून गेली, कारण मधलं कपाट कुणी केलंच नाही. शब्द आहे आपल्याकडे, चांगला भारदस्त शब्द आहे, 'कुमारसाहित्य'. तो संमेलनांच्या ठरावात वापरतात. साहित्य अकादमीनं 2010 पासून स्वतंत्र पुरस्कार सुरू केला, त्याचं नाव बालसाहित्य पुरस्कार. मिसरूड फुटलेल्याला बाळ म्हणायचं आणि तो आपल्याकडे फिरकत नाही म्हणून गळा काढायचा.

आणि पुस्तकं नाहीत म्हणाल, तर तेही खोटं. मिलिंद बोकिलांची 'शाळा' 2004 साली मौजेनं काढली. नववीतला मुकुंद जोशी, त्याला आवडणारी शिरोडकर, अर्धवट बांधलेल्या इमारतीत अड्डा टाकणारी चार पोरं, बाहेर आणीबाणी. नववीतल्या मुलाच्या पोटात काय कालवतं ते मराठीत इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. प्रकाश संतांचा लंपन घ्या. 'वनवास'पासून चार पुस्तकं आहेत त्याची, एकाहून एक. दुकानात ही कुठे असतात? मोठ्यांच्या कादंबऱ्यांत आणि कथासंग्रहांत. पन्नाशीतले लोक ती वाचतात, डोळे पुसतात आणि घरातल्या चौदा वर्षांच्या मुलाला 'अग्निपंख' देतात.

मी 'शाळा' नववीतल्या एका मुलाला दिली. चौथ्या दिवशी त्याची आई पुस्तक घेऊन आली. वर्तमानपत्रात गुंडाळून, जणू आत काही सांडणारं होतं. "काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. यात लाइन मारणं वगैरे आहे." मी म्हटलं, शाळेतही आहे. त्यावर त्या जे बोलल्या ते इथे देत नाही. जाता जाता मात्र मोठ्या मुलीचं कौतुक करून गेल्या: ती हल्ली इंग्रजीच वाचते, जाडजाड, स्वतः ऑनलाइन मागवते. मुलगी तेरा-चौदाची असल्यापासून मी तिला ओळखते. ती वाचत होती कोलीन हूव्हरची 'इट एंड्स विथ अस'. मोठ्यांसाठी लिहिलेली कादंबरी. त्यात नवऱ्याची मारहाण आहे आणि शयनगृहाची दारंही बऱ्यापैकी उघडी आहेत. पण मुखपृष्ठावर फुलं आहेत आणि भाषा इंग्रजी आहे, मग काय, संस्कार शाबूत! ती मुलगी ते वाचते याबद्दल माझी तक्रार नाही, ती वाचून माझ्याशी बोलते. शिरोडकरच्या नुसत्या नजरेनं जिचं घर बाटलं त्या आईबद्दल आहे.

शाळांची तऱ्हा तर आणखी न्यारी. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो, तेव्हा एका शाळेनं मला आठवी ते दहावीसाठी दहा पुस्तकं सुचवायला सांगितलं. मी 'पाडस' घातलं. राम पटवर्धनांनी मराठीत आणलेलं, फ्लोरिडाच्या जंगलातल्या ज्योडीचं आणि त्याच्या हरणाच्या पाडसाचं. पाडस मोठं होतं, पीक खाऊ लागतं, आणि शेवटी पोराला स्वतःच त्याच्यावर बंदूक चालवावी लागते. यादी परत आली तेव्हा त्यावर लाल रेघ होती. कारण विचारलं तर म्हणाले, "शेवट निगेटिव्ह आहे." आणि 'श्यामच्या आई'च्या शेवटी काय सनई-चौघडे वाजतात? पण ते पुस्तक शाळेनं स्वतःहून पहिल्या क्रमांकावर घातलेलं होतं. मला वाटतं, यादी करणाऱ्यानं दोन्हींतलं एकही पुरतं वाचलेलं नव्हतं.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. सहावीतल्या एका मुलीला मी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' दिला, आणि देताना फुरसुंगीच्या बनेशवर दहा मिनिटं भाषणही दिलं. तिनं निमूट ऐकलं. परत करताना म्हणाली, "मस्त आहे काकू, पण धावपळ सगळी मुलगेच करतात." मी 'तो काळ वेगळा होता' असं सुरू करणार, तेवढ्यात माझी मलाच लाज वाटली. मीही त्या फोनवाल्यांसारखंच केलं होतं. तिच्या हातात माझं लहानपण कोंबत होते. मग तिला शांताबाई शेळक्यांचं 'चौघीजणी' दिलं. ते तिनं पाच आठवडे दाबून ठेवलं आणि आणून दिलं तेव्हा शेवटावरून माझ्याशी कडाकडा भांडली.

तेव्हापासून मी 'काय आवडतं' असं मुलांना विचारत नाही. त्याला तीसुद्धा मोठ्यांना हवं असलेलंच उत्तर देतात. मी विचारते, शेवटचं कुठलं पुस्तक अर्धं टाकलंस आणि कितव्या पानावर? यावर चेहरे उजळतात. एकानं 'श्रीमान योगी' पान चाळीसला सोडलं होतं, एकीनं 'हंगर गेम्स'चा तिसरा भाग, "सारखं रडतात" म्हणून. या उत्तरावरून मला पुढचं पुस्तक बरंचसं कळतं. दोनच पुस्तकं देते, एक माझ्या मनातलं, एक पोरानं कपाटातून ओढलेलं. नाही आवडलं तर दुसऱ्या दिवशी परत आण, कारण सांगायची गरज नाही. आईबाबांना ही पद्धत पसंत नाही. त्यांना वीस पुस्तकांची यादी हवी असते, फ्रिजवर लावायला.

वर्तमानपत्रात गुंडाळून आलेल्या 'शाळे'चं पुढे काय झालं ते राहिलंच. तो मुलगा पुढच्याच रविवारी आला, कपाटापाशी घुटमळला, पुस्तक काढलं, दप्तरात टाकलं आणि माझ्यासमोर उभा राहिला. "काकू, रजिस्टरमध्ये 'कार्व्हर' लिहा ना."

लिहिलं. त्यानं बहुधा मित्रांना सांगितलं असावं. आमच्या रजिस्टरप्रमाणे गेल्या वर्षी सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक 'एक होता कार्व्हर' आहे. त्याची प्रत कपाटात दुसऱ्या खणात आहे, अगदी कोरी.