राष्ट्रीय सणाचा हिशेब सोनपेठच्या टाकीपाशी द्या

वाचकहो, प्रतिवर्षी राष्ट्रीय सण येतो आणि आपण सारे ध्वजाखाली उभे राहतो. भाषणे होतात, मुलांना खाऊ वाटला जातो, देशाने किती मजल मारली ह्याची यादी वाचली जाते. ही यादी खोटी आहे असे मी म्हणत नाही. परंतु यादी म्हणजे हिशेब नव्हे. हिशेबात जमेसमोर नावेही लिहावे लागते, आणि ती बाजू मांडावयास आमचे वक्ते सहसा धजत नाहीत. ती येथे मांडावयाची आहे. त्यासाठी मी तुम्हांस दूर नेणार नाही. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यापर्यंतच नेणार आहे.

सोनपेठला स्वातंत्र्य उशिरा आले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा हा मुलूख निजामाच्या अमलाखाली होता. तो मुक्त झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी. पुढे २६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, २१ व्याने जीविताला संरक्षण दिले, २३ व्याने वेठबिगारीस बंदी घातली. ह्याशिवाय १ मे हा महाराष्ट्र दिन, आणि कामगार दिनही तोच. म्हणजे मराठवाड्यात ध्वज उभारण्याचे दिवस इतरांहून कमी नाहीत, एखादा अधिकच आहे.

१ मे २०२३ रोजी असाच ध्वज उभारला गेला. त्यानंतर दहाच दिवसांनी, ११ मे रोजी, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे शौचालयाची टाकी साफ करावयास मजूर उतरले. पाच जण मृत्युमुखी पडले. सहाव्यास रुग्णालयात न्यावे लागले. पंतप्रधान साहाय्यता निधीतून मृतांच्या वारसांस प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. त्याच वर्षी २३ ऑगस्टला भारताचे यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवानजीक उतरले. चंद्रावर यंत्र उतरविणाऱ्या देशात मैल्यात मात्र माणूस उतरतो, ही आमच्या प्रगतीची नावेची बाजू आहे.

ह्यावर पहिले उत्तर येते ते असे की, हा अपघात होता. वकील ह्या नात्याने मी विचारतो, जे घडणार हे आधीपासून ठाऊक असते, त्यास अपघात म्हणावे काय? बंद टाकीत कुजणाऱ्या मैल्यातून विषारी वायू निघतो, प्राणवायू उरत नाही. उतरणारा काही क्षणांत शुद्ध हरपतो. त्यास काढावयास दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही. हे ठाऊक होते म्हणूनच संसदेने २०१३ साली कायदा केला आणि तो ६ डिसेंबर २०१३ पासून, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनापासून, अमलात आणला. त्याच्या ७ व्या कलमाने टाकीच्या धोकादायक सफाईसाठी माणूस लावण्यास कोणाही व्यक्तीस वा संस्थेस मनाई केली आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. कायदा दहा वर्षांचा होत आला असता सोनपेठच्या टाकीत पाच प्रेते सापडतात, ह्यास अपघात म्हणणे म्हणजे कायद्याचीच थट्टा होय.

दुसरे उत्तर असे की, मजूर स्वखुशीने उतरले. ह्या स्वखुशीचा निकाल १९८२ सालीच लागला आहे. आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, भूक आणि दारिद्र्य ह्यांच्या रेट्याने किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबावे लागणे हीदेखील २३ व्या कलमातील सक्तीच होय. जी सक्ती मजुरीच्या दराला लागू आहे, ती प्राणाच्या दराला लागू नाही काय? सुखवस्तू घरातील कोणी कधी स्वखुशीने टाकीत उतरल्याचे तुम्ही ऐकले आहे काय?

तिसरे उत्तर सरकारचे आहे आणि ते अधिक चतुर आहे. हाताने मैला उचलण्याच्या कामामुळे एकही मृत्यू झाल्याची नोंद नाही, असे २०२१ साली राज्यसभेस सांगण्यात आले. कारण टाकीतील मृत्यू ‘धोकादायक सफाई’ ह्या वेगळ्या सदरात जातात! कायद्याने दोन व्याख्या केल्या, शासनाने दोन वह्या केल्या, आणि एक वही कोरी राहिली. २ ऑक्टोबर २०१९ रोजी, तोही राष्ट्रीय सणच, ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याचे घोषित झाले. शौचालये किती बांधली हे मोजले गेले. त्यांच्या टाक्या कोण उपसतो, हे तितक्याच हौसेने कोणी मोजले काय?

आता चौथे उत्तर. ते आपल्याच लोकांच्या तोंडचे आहे, म्हणून ते मला सर्वांत अधिक बोचते. ‘मेलेले मुसलमान होते, आपले नव्हते.’ बांधवहो, मेलेली जनावरे ज्यांची त्यांनी पुरावी, हे १९२७ च्या महाड परिषदेने सांगितले. आपण घाणीचे काम टाकले आणि माणूस झालो. परंतु आपण टाकलेले काम दुसऱ्या गरिबाच्या डोक्यावर गेले, तर जात मेली नाही. तिने केवळ माणूस बदलला. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली तेव्हा आपण रस्त्यावर आलो, आणि यावयासच हवे होते. त्यानंतरच्या धरपकडीत अटक झालेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत मरण पावला, हे आपण विसरणार नाही. पण काचेतल्या संविधानासाठी जो उठतो, त्याने टाकीत तुडविल्या गेलेल्या संविधानासाठीही उठले पाहिजे. ११ मे २०२३ नंतर मी कोठे होतो, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे. मी स्वतःस विचारले आहे, आणि उत्तर मला सुखाचे वाटले नाही.

मग करावयाचे काय? राष्ट्रीय सणाच्या दिवशी ग्रामसभा भरविण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. ध्वजवंदन झाल्यावर घरी परतू नका. ग्रामसभेत उभे राहा आणि तीन प्रश्न विचारा : गावात टाक्या किती? त्या कोण उपसतो? उपसणारी यंत्राची गाडी कोठून येते आणि तिचा खर्च कोण देतो? उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या व त्याची नक्कल मागा. नव्या शौचालयास टाकीऐवजी दोन शोषखड्डे घ्यावयास सांगा. एक भरला की तो बंद ठेवून दुसरा वापरावा, म्हणजे पहिल्यातील मैल्याचे यथावकाश खत होते. आणि मृत्यू घडलाच, तर वारसांस सांगा की सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख व २० ऑक्टोबर २०२३ रोजी ३० लाख रुपये भरपाई ठरविली आहे. ती भीक नव्हे, हक्क आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटनासमितीत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि समाजात विषमता हा विरोध फार काळ टिकविला तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. तो इशारा सोनपेठच्या टाकीच्या तोंडाशी अजून उभा आहे. ध्वज किती उंच चढला, ह्यावरून देशाची प्रगती मोजू नका. त्या ध्वजाखालचा शेवटचा माणूस किती खोल उतरविला जातो, ह्यावरून मोजा.